बायकांच्या नावाने



तिवस्याच्या बैठकीत अफगाण बायकांचा विषय निघाला. २००१ साली अमेरिका तिथे बॉम्ब टाकत होती, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून सांगितले की ही लढाई बायकांच्या हक्कांसाठीही आहे. २०२० मध्ये त्याच तालिबानशी करार करून अमेरिकेने परतीची वाट धरली. त्या करारात अफगाण सरकारलाच जागा नव्हती, तिथल्या बायकांना कुठून असणार! २०२१ पासून मुलींना सहावीनंतरची शाळा बंद झाली.

"बायाईले इचारलं होतं काय त्याईनं?" कापूस वेचायला जाणारी एक मावशी म्हणाली.

आपल्याला हे नवे नाही. १८५३ मध्ये इंग्रजांनी फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतले. तोंडी भाषा चांगल्या कारभाराची, नजर इथल्या कापसावर. सती, बालविवाह यांकडे बोट दाखवून 'या बायकांना आम्हीच सोडवणार' हेही होतेच. मग अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे जायला नकार दिला, तेव्हा काय झाले? १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने बजावले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. नवऱ्याला असा दावा लावता येतो, ही तरतूदही इंग्लंडच्याच कायद्यातून आलेली. एम.एस.डब्ल्यू.ला असताना सतीबंदीचे साल मला पाठ होते, हे नव्हते.

तालिबानचा जुलूम खरा आहे. अफगाण मुलींच्या शाळांसाठी आम्ही पत्रक काढले, सह्याही केल्या. 'बलाढ्य राष्ट्रांनी हस्तक्षेप करावा' ही मी लिहिलेली ओळ मात्र मावशीने खोडायला लावली.