पुढचे चाक बोलते, ते ऐका



आमच्या वस्तीतील एक तरुण स्वतःची गाडी चालवतो. जुनी टाटा ४०७. आईने गळ्यातले मोडले, बाकीचे कर्ज काढले आणि गाडी दारात आली. अक्कलकोट तालुक्यातला कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात पोचवायचा, परतीचे भाडे मिळाले तर घ्यायचे, आणि महिन्याच्या महिन्याला हप्ता भरायचा. घरातली पाच माणसे त्या चार आकड्यांच्या हिशेबावर जेवतात.

मध्यंतरी खड्ड्यात आपटून गाडीचा पुढचा एक्सल वाकला. एका गॅरेजात दुसरा एक्सल बसवून घेतला. गाडी बाहेर निघाली आणि पुढून "घुंऽऽ" असा आवाज यायला लागला. मेस्त्री म्हणाला, "नवीन काम आहे, चालून चालून बसेल." पोरगा त्यावर विसंबून भाड्याला गेला. वळसंगच्या पुढे जळका वास आला म्हणून उतरून पाहिले, तर डाव्या चाकाजवळ हात धरवेना. त्याने गाडी तिथेच बाजूला घेतली, हे त्याचे शहाणपण.

रात्री तो माझ्याकडे आला. "काका, बिल बघता का?" मी कारकून माणूस, पाना धरणे माझे काम नव्हे. पण बिल मला वाचता येते. त्या कागदावर एक आकडा आणि खाली "एक्सल काम" एवढेच. बेअरिंग नवे की जुने, काही नाही. दुसऱ्या दिवशी एका जुन्या, अनुभवी फिटरकडे आम्ही दोघे गेलो. त्याने जे दाखवले ते आपल्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या घरी माहीत असावे, म्हणून आज हा विषय.

पहिली गोष्ट, आवाज कधी येतो ते पाहा. वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर संशय चाकाच्या बेअरिंगवर किंवा टायरवर. रस्ता बदलला की आवाज बदलतो, तो बहुधा टायरचा. डांबर असो वा सिमेंट, तोच आवाज राहिला तर बेअरिंग पाहा. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा घरघर वाढली तर डावे बेअरिंग आधी उघडावे. डावीकडे वळताना वाढली तर उजवे. ब्रेक दाबताच आवाज बदलला तर लायनर आणि ड्रम पाहावेत. खड्ड्यात किंवा स्टेअरिंग फिरवताना "टक्क" वाजले तर किंगपिन आणि पाट्यांचे यू-बोल्ट.

दुसरी गोष्ट, चाक उचलून तपासा. मागच्या चाकांना दगड लावा. पुढे जॅक लावला तरी एक्सलखाली भक्कम आधार द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जाऊ नये. आता एक हात चाकाच्या वर, एक खाली धरून चाक हलवा. खुळखुळले तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ गेली तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिनचा. मग ब्रेक सोडून चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात पाट्यावर ठेवा. खरखर हाताला लागते, कानाला येण्याआधीच.

तिसरी गोष्ट उष्णतेची. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा. हबजवळ हाताची मागची बाजू न्या, एकदम टेकवू नका. दोन्ही बाजूंची तुलना करा. एक बाजू फार तापली असेल तर बेअरिंग जास्त कसले आहे किंवा ब्रेक घासतो आहे.

आमच्या गाडीचे हब उघडल्यावर उलगडा झाला. बेअरिंगचे दोन भाग असतात, आतला कोन आणि बाहेरचा कप. कोन नवा घातला होता, कप जुनाच, खाचा पडलेला. हे दोन भाग जोडीनेच बदलायचे असतात. त्यावर नट दाबून कसलेला. चाक फिरवत नट कसायचा, मग ठरल्याप्रमाणे थोडा ढिला करायचा. किती, ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. रोलरला मोकळीक नसली की ग्रीस वितळते, बेअरिंग जळते आणि चालत्या गाडीचे चाक जाम होते, प्रसंगी निखळते. त्यातच स्प्लिट पिनही जुनीच वाकवून घातली होती.

आपल्या आजोबांच्या बैलगाडीला आसाच्या टोकाला खीळ असायची. ती निसटली की चाक गेले. स्प्लिट पिन म्हणजे तीच खीळ. किमतीने किरकोळ, पण तिच्यावर माणसाचा जीव. आणि हे निमुळत्या रोलरचे बेअरिंगसुद्धा गाडीवानांच्या अडचणीतूनच आले. अमेरिकेतील घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली त्याचे पेटंट घेतले. वळणावर चाकावर आडवा दाब येतो, तो पेलण्यासाठी ते केले. म्हणूनच बेअरिंग बिघडले की वळणावर आधी सांगते.

एक्सल बदलल्यावर आणखी तीन कामे विसरू नयेत. चाकाचे नट पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा कसावेत. भरलेल्या गाडीच्या काही फेऱ्या झाल्या की यू-बोल्टही कसावेत. आणि अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायर महिन्या-दोन महिन्यांत एका कडेने झिजतात.

आता माझ्या कामाचे. पक्के बिल मागा. कोणता भाग नवा, कोणता जुना, मजुरी किती, हे वेगवेगळे लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. ते तुमचे आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगाराकरिता वस्तू विकत घेणाऱ्यालाही ग्राहक मानले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. पण हातात कागद नसेल तर तोंडी भांडणाला किंमत नाही.

आमच्या तरुणाने नवी जोडी घातली. बेअरिंग, ग्रीस, ऑइल सील, पिन, मजुरी, प्रत्येकाची ओळ बिलावर आली. जुना कप त्याच्या आईने घरी आणून खिडकीत ठेवला आहे. ती मला म्हणाली, "भाऊ, लोखंड बोलत होतं, आमचं पोरगं मेस्त्र्याचं ऐकत होतं."

त्या दिवशी तो वळसंगला थांबला नसता तर? हप्ता पुन्हा भरता येतो, गाडी पुन्हा घेता येते. म्हणून आपल्या घरातल्या ड्रायव्हर मुलाला आज संध्याकाळी एवढेच विचारा, "गाडी काही आवाज करते का रे?" आणि तो "चालतंय" म्हणाला, तर त्याच्याबरोबर खाली उतरून चाक हलवून पाहा.