दोन फलाटांमधील अंतर

इतिहासाच्या तासाला जुना नकाशा उघडला की मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न आवर्जून विचारतो : यात काय दाखविलेले नाही? हाच प्रश्न आजच्या नकाशांनाही विचारला पाहिजे.

पॅरिसची भुयारी मेट्रो १९०० साली सुरू झाली. तिच्या जुन्या स्थानकांत बहुतेक ठिकाणी जिन्यांवाचून वाट नाही. १९९८ साली सुरू झालेल्या चौदा क्रमांकाच्या मार्गिकेवर मात्र लिफ्टची सोय आहे. व्हीलचेअरवरील प्रवासी शातले स्थानकावर या गाडीतून सहज उतरतो. पण तेथेच पहिल्या किंवा चौथ्या मार्गिकेची गाडी पकडायची तर जिने आडवे येतात. अशा स्थानकापुढे नकाशात केवळ 'सुगम' असे लिहिणे म्हणजे अर्धसत्य होय.

न्यूयॉर्कमध्ये २०२२ साली जाहीर झालेल्या तडजोडीनुसार, दुर्गम स्थानकांपैकी किमान ९५ टक्के स्थानके २०५५ पर्यंत सुगम करावयाची आहेत. म्हणजे आज शाळेत जाणारे मूल तोवर प्रौढ झालेले असेल. तोपर्यंत त्याने कोणत्या वाटेने जावे, हे निदान खरेपणाने सांगणे आपल्या हाती आहे.

२००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही दुरुस्त करता येणारा मुक्त नकाशा आहे. त्याच्या आधारे २०१० साली बर्लिनमध्ये उभा राहिलेला व्हीलमॅप ठिकाणांना हिरवा, पिवळा वा तांबडा रंग देतो. परंतु जेथे गाडी बदलावी लागते, त्या स्थानकाला एक रंग पुरत नाही. दोन फलाटांमधील प्रत्येक जिना, लिफ्ट आणि उतार या मुक्त नकाशात स्वतंत्रपणे नोंदविता येतो. तसा तो नोंदविलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नकाशाने लिफ्ट बांधली जात नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. तथापि, जेथे वाट नाही तेथे 'नाही' अशी नोंद झाली, तर प्रवाशाची फसगत टळते आणि मागणीला पुरावा मिळतो. कोरी जागा मात्र अडथळा दडवून ठेवते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गावच्या एसटी स्थानकाच्या पायऱ्या मोजून या कामाची सुरुवात करता येईल. कोणाचा मार्ग कोठे अडतो, हे पाहण्याची दृष्टी त्यातूनच येईल.