ताटात उरणारी भाजी

घरातील ज्येष्ठांच्या ताटात भाजी तशीच उरू लागली, की आपण त्याला अरुची म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा कारण वेगळे असते. कवळी सैल झालेली असते, तोंडाला कोरड पडते, फरसबीचा दोरा चावला जात नाही. हे बोलून दाखवण्याचा संकोच वाटतो आणि भाजी मुकाट्याने बाजूला सारली जाते. मग बद्धकोष्ठ बळावते आणि आहार पोळीच्या मऊ भागापुरता व आमटी-भातापुरता उरतो.

भाजी भरपूर पाण्यात उकडून मऊ करता येते. परंतु क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळतात. ते पाणी ओतून दिले की त्यांचा बराचसा अंश त्याबरोबर जातो. वाफेवर भाजी पाण्यात बुडत नाही, त्यामुळे ही हानी कमी होते. रंग आणि चवही टिकते.

वाफवणे आपल्याला परके नाही. उकडीचे मोदक आणि अळूवडीचे उंडे आपण वाफेवरच शिजवतो. रोजची भाजी त्याच भांड्यात ठेवायची, एवढेच नवे आहे. मोदकपात्र नसेल, तर पातेल्यात दोन बोटे पाणी घेऊन वर धातूची चाळण बसवावी. पाणी चाळणीला लागता कामा नये. पाण्याला उकळी फुटून वाफ धरली, की मगच भाजी ठेवावी व घट्ट झाकण लावावे.

पहिल्या दिवशी एकच भाजी घ्यावी. फोडी सारख्या आकाराच्या, साधारण 2 सेंटिमीटरच्या असाव्यात. दुधी आणि फ्लॉवर 6 ते 8 मिनिटांत, गाजर आणि लाल भोपळा 8 ते 10 मिनिटांत शिजतो. पालकाला 2 ते 3 मिनिटे पुरतात. चावण्यास त्रास असेल, तर आणखी 3-4 मिनिटे द्यावीत. घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा: थोडी निवलेली फोड अंगठा व तर्जनी यांत सहज दबली, तर ती हिरड्यांनाही झेपेल. झाकण उघडताना ते आपल्यापासून दूर तिरके करावे. वाफेने भाजणे उकळत्या पाण्याइतकेच वाईट.

वाफवलेली भाजी म्हणजे आजाऱ्याचे पथ्य, ही भावना ताटात येऊ देऊ नये. वरून लहान चमचाभर तेलाची जिरे-हिंगाची फोडणी, लिंबू, ओल्या नारळाचा चव घालावा. गाजर-भोपळ्यातील बीटा-कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी थोडे स्निग्ध लागतेच. मीठ शेवटी भुरभुरावे. ते जिभेला लगेच जाणवते, म्हणून कमी पुरते.

तीन ठिकाणी मात्र थांबून विचारावे. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम कमी करण्यासाठी काही रुग्णांना भाजी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून देण्यास सांगितलेले असते. वाफेवर पोटॅशियम बहुतांशी भाजीतच राहते, म्हणून तेथे डॉक्टरांना विचारल्यावाचून पद्धत बदलू नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू असेल, तर पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. त्यांतील के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर भाजी केवळ मऊ करून भागत नाही. गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

काळजी घेणाऱ्यांना एवढीच विनंती, की ताट वाढण्यापूर्वी एक फोड ज्येष्ठांच्या हातावर ठेवून ‘चावता येते ना?’ असे विचारावे. आणि ज्येष्ठांनीही संकोच न करता खरे उत्तर द्यावे. पुढची पाच मिनिटे वाफ द्यायची की नाही, हे त्या उत्तरावरच ठरते.