मोकळी जमीन कामगारांचीही आहे

बागा, झाडे, मैदाने हे खातेपित्या लोकांचे चोचले आहेत, कामगारांनी पगार, महागाई भत्ता आणि घर एवढेच मागावे, असे आपल्यातलेही काही साथी म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. बंगलेवाल्याला स्वतःचे अंगण असते. नाईट ड्युटी करून पत्र्याच्या घरात दिवसा झोपणाऱ्या पॉइंट्समनला दारातल्या झाडाचीच सावली. त्याच्या पोरांना खेळायला सार्वजनिक मैदानाखेरीज जागा नाही. उघडी माती पावसाचे पाणी जिरवते. ती सिमेंटखाली गेली की पाणी सखल वस्तीत आणि रुळांवर येते. शिवाय परळचे कामगार मैदान, दिल्लीचे रामलीला मैदान, कोलकात्याचे ब्रिगेड परेड ग्राउंड नसते, तर आपण सभा कुठे घेतल्या असत्या?

मुंबईच्या गिरण्यांचा धडा विसरता कामा नये. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जमीन होती सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने तिचे साधारण तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गिरणगावात टॉवर आणि मॉल उभे राहिले. बागांचा आणि घरांचा वाटा मात्र पार आक्रसला.

आज तीच वेळ रेल्वेच्या जमिनीवर आली आहे. २००५ च्या कायदादुरुस्तीने रेल्वे भूमी विकास प्राधिकरण आले. रेल्वेच्या जमिनीतून उत्पन्न काढणे हे त्याचे काम, आणि देशभर अनेक रेल्वे वसाहतींचा पुनर्विकास त्याच्याच हाती आहे. नवीन क्वार्टर्सना आमचा विरोध नाही. गळक्या छपराखाली कोणी राहू नये. पण वसाहतीचे मैदान आणि जुनी झाडे ही रिकामी जागा नव्हे. केंद्र सरकारच्याच २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. सरकारने निदान स्वतःच्या जमिनीवर तरी हे पाळावे.

म्हणून प्रत्येक शाखेने मागणी करावी: टेंडर निघण्यापूर्वी नकाशा युनियनला दाखवा, मैदान व झाडे त्यावर आधी आखा, मग इमारती. गिरणी कामगारांचा वाटा नियमातल्या एका बदलाने गेला. आपण नकाशा कागदावर असतानाच जागे झाले पाहिजे.