उचलीवर जन्मलेली आजी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड,
अलिबाग



कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर परिचारिका म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली. निवृत्त झाले तरी रक्तदाब मोजायचे यंत्र पिशवीत असतेच. मागे एका कातकरी वाडीत एका आजीच्या दंडाला पट्टा बांधायला गेले, तर दंड इतका बारीक की लहान मुलांचा पट्टा काढावा लागला. रक्तदाब वाढलेला, साखरही वाढलेली. वय विचारले तर म्हणाली, "काय सांगू बाय? वीटभट्टीवरच झाले मी. आईची उचल फिटायची होती." आधार कार्डावर जन्मतारीख आहे, १ जानेवारी, अंदाजाने टाकलेली.

अंगावर मांस नाही, मग साखर कशी, असे तिच्या मुलाने विचारले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या बाळांचे जन्माचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, स्नायूंनी कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका जास्त. त्याआधी डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमधल्या जुन्या जन्मनोंदी तपासून दाखवले होते की कमी वजनाने जन्मलेली माणसे पुढे हृदयविकाराने जास्त दगावतात. आमच्या आजीची जन्मनोंदच नाही, त्यामुळे तिच्यापुरते हे सिद्ध करता येणार नाही. पण तिचे बालपण कसे गेले असेल, ते मी आजच्या लेकरांत पाहते.

दिवाळी झाली की वाडीवर टेम्पो लागतो. पावसाळ्यात मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको लेकरांसह वीटभट्टीवर जातात, ते पाऊस येईपर्यंत. अंधारात उठून माती मळायची, विटा थापायच्या, पैसे हजार विटांमागे. गरोदर बाई बसली तर हजार भरत नाहीत आणि उचल अंगावर राहते, म्हणून ती बसत नाही. सात-आठ वर्षांचे पोर कच्च्या विटा उलटत असते, धाकटे धुरात झोळीत. अंगणवाडीचा आहार, लसीचे कार्ड, वजनाचा तक्ता, शाळा, सगळे मागे वाडीवर. उचलीत अडकवणारी वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. २०२३ च्या आदिम जमातींसाठीच्या पीएम-जनमन योजनेत कातकरी आहेत, घरे मिळताहेत, त्याचा मला आनंद आहे. पण दिवाळीनंतर त्याच घरांना कुलूप लागते.

माथेरानच्या स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांनी याच डोंगरांत धान्यकोठ्याही काढल्या आणि शाळाही. पोट आणि पाटी त्यांनी वेगळी धरली नाहीत. आपल्याकडे मात्र अंगणवाडी बालविकास विभागाकडे, कातकऱ्यांची कामे पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे, म्हाताऱ्यांची तपासणी आरोग्याकडे आणि भट्टीच्या मातीचा परवाना महसुलाकडे. या सगळ्यांना एका बैठकीला बसवू शकणारे आपणच, म्हणून हे पत्र आपल्याला.

मातीचा परवाना देतानाच भट्टीवर येणारी मुले आणि गरोदर बायांची यादी मालकाकडून घ्यावी आणि ती त्याच दिवशी जवळच्या अंगणवाडीला व आरोग्य उपकेंद्राला जावी. मला सर्वांत महत्त्वाचे हेच वाटते. आणि पावसाळ्यात माणसे वाडीवर असतात, तेव्हा रक्तदाब-साखरेची तपासणी दारात जाऊन करावी. म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षे पूर्ण असावी लागतात. जिचे वय कागदावर अंदाजाने टाकले आहे, तिच्यासाठी ग्रामसभेचे म्हणणे ग्राह्य धरावे. 

त्या आजीची नातसून आता सहा महिन्यांची गरोदर आहे. घरात उचल घेऊन झाली आहे. टेम्पो यायच्या आत आपला आदेश निघावा, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र,
कर्जत तालुक्यातील एक निवृत्त परिचारिका