जुनापाणीचे दगडी गोल : राखायचे कोणी?

नागपूर-काटोल रोडवर जुनापाणीच्या माळावर मोठमोठ्या दगडांचे गोल दिसतात, मधात मुरूम-दगडाचा उंचवटा. कोणी वावरातले दगड वेचून टाकले असतील, असंच वाटतं. पण या लोहयुगातल्या कबरी आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या. गोल सुमारे ३०० आहेत. काही दगडांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी इथं खोदकाम केलं, तेव्हा लोखंडी हत्यारं निघाली. पारशिवनी तालुक्यात नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

धोका दोन बाजूंनी आहे. एक, मुरूम आणि प्लॉटसाठी फिरणारा जेसीबी. दुसरा, गुप्तधनाचा नाद. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण विदर्भातले सगळेच गोल संरक्षित नाहीत. तिथं राखण गावाचीच.

जमिनीत १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं, तर कलेक्टरला कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. दगड एकदा हलला, की खालचं कोणत्या काळातलं हे सांगता येत नाही. ग्रामसभेनं आपल्या शिवारातले गोल मोजून नोंदवले, तरी सुरुवात होईल.