ओल भिंतीची, दोष भाडेकऱ्याचा!

पाऊस लागला कीं भिंतीस ओल येते, ओलीवर काळी बुरशी चढते, आणि भाडेकरी मालकाच्या दारीं जातो. तेथें उत्तर तयारच असतें : तुम्ही खोलींत कपडे वाळत घालतां, खिडक्या लावून स्वयंपाक करतां, तुमची राहणीच तशी! छप्पर गळतें मालकाचें, नळ पाझरतो मालकाचा, आणि गुन्हेगार ठरतो भाडें भरणारा. कपड्यांची व चुलीची वाफ भिंतीवर बसते हें खोटें नाहीं. पण वाफेस बाहेर वाट ठेवणें हें घर बांधणाराचें काम कीं राहणाराचें?

हा दोषारोप किती महाग पडतो तें इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं दिसलें. सुदानांतून आलेल्या एका बापानें भाड्याच्या घरांतील बुरशीबद्दल २०१७ सालीं तक्रार केली. वरून रंग मारा, असें त्यास सांगण्यांत आलें. बुरशी हटली नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें त्याचा मुलगा अवाब इशाक श्वसनाच्या विकारानें वारला. त्यास दोन वर्षें पुरीं होऊन आठच दिवस झाले होते. घरांतील बुरशीच मरणास कारण झाली, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्यें मृत्यूच्या चौकशींत झाला. ह्या कुटुंबाच्या राहणीविषयीं आपण नुसते तर्क बांधले व तें चुकलें, असें घर देणाऱ्या संस्थेनेंच मागाहून कबूल केलें. गरीब, परका, निराळ्या चालीरीतीचा माणूस दिसला कीं दोष त्याच्या माथीं मारावयाचा, ही युक्ति आमच्या बहुजन समाजास कांहीं नवी नाहीं!

त्या मुलाच्या नांवाचा कायदा तेथें २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक संस्थांच्या घरांस लागू झाला. तातडीच्या धोक्यास २४ तास. गंभीर ओलीच्या पाहणीस कामाचे १० दिवस. धोका आढळल्यास तो दूर करण्यास पुढचे कामाचे ५ दिवस.

आपल्याकडे काय? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचें १४ वें कलम सांगतें कीं, उलट करार नसेल तर घर राहण्याजोगें ठेवण्यास मालक बांधलेला आहे. भाडेकऱ्यानें निदान १५ दिवसांची नोटीस द्यावी. वाजवी मुदतींत दुरुस्ती न झाल्यास ती आपण करून खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र एका वर्षांत वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून अधिक वळता करतां येत नाहीं. जुन्या चाळीच्या चौथाई भाड्यांत छप्पर सोडाच, गिलावाही होणार नाहीं. आणि अकरा महिन्यांच्या परवान्यावर राहणारा तर कायद्याच्या नजरेनें भाडेकरीच नव्हे! त्यानें कोणाकडे पाहावें?

थोड्या भाड्यांत दुरुस्ती कोठून करूं, हें मालकाचें म्हणणें कांहीं ठिकाणीं खरें असेल. तें त्यानें सरकारपुढें मांडावें. लेकरांच्या छातीवर त्याची वसुली करूं नये. ओलीच्या पाहणीस व दुरुस्तीस ठरीव दिवसांची मुदत असावी आणि ती परवान्यावर राहणारासही लागू व्हावी, एवढीच आमची मागणी आहे.

तोंवर बांधवांनो, तोंडी रडगाणें पुरे. करारावर सही करण्यापूर्वीं दुरुस्तीचें कलम वाचून घ्या. नोटीस लेखी द्या, नक्कल जपून ठेवा, आणि साऱ्या चाळीनें मिळून द्या. कायद्यानें तशी मोकळीक दिली आहे. एकट्याचा अर्ज कोनाड्यांत पडतो, चाळीचा पडत नाहीं.